हिरव्या दांडीची गाडी

ज्याच्यामुळे आमच्या एस.टी. डेपोतला एक कंडक्टर मरणाच्या दारात गेला, त्याच्याइतका दुसऱ्याच्या जिवाला जपणारा माणूस मी पाहिलेला नाही. ही दोन्ही विधानं खरी आहेत. चौकशीच्या कागदात फक्त पहिलंच आलं, कारण दुसऱ्यासाठी त्या छापील नमुन्यात रकाना नव्हता.

तो डेपोचा पेंटर. त्याचं नाव हजेरीपटावर होतं, पण ते हजेरीपटालाच ठाऊक. आम्ही सगळे त्याला पेंटर म्हणत असू, आणि डबा घेऊन फाटकाशी येणारी त्याची बायकोही ‘पेंटर हायेत काय?’ असंच विचारी. मी वाहतूक शाखेत कारकून होतो. महाराष्ट्र होऊन फार दिवस झाले नव्हते. आधी आमचे कागद नागपूरला जाऊन हरवत, ते आता मुंबईला जाऊन हरवू लागले होते. नव्या राज्याचा डेपोला जाणवलेला फरक एवढाच.

पेंटर कुठल्याही दाराला तळहात लावत नसे. कोपराने ढकली. हजेरीपटावर सही करायला स्वतःचं पेन आणी आणि पान उडू नये म्हणून ते कडुनिंबाच्या काडीने दाबून धरी. चहा स्वतःच्या पितळी पेल्यात घेई, तोही टपरीवाल्याने वरून ओतला तर. कोणी हात पुढे केला की हा दोन पावलं मागे सरून नमस्कार करी. नवीन माणसाला वाटे, काय विनयशील गृहस्थ आहे! जुन्यांना वाटे, हा आपला विटाळ मानतो. यावरून एका मेकॅनिकने त्याची कॉलर धरली होती. तेव्हाही पेंटरने कॉलर सोडवून घेतली नाही. एवढंच म्हणाला, “धर. पन मग जेवाच्या आधी हात धू.”

गाडीत ‘थुंकू नये’ असं रंगवायचा हुकूम असे. पेंटरने ते रंगवलंच, पण ड्रायव्हरच्या डोक्यावर जी मोकळी जागा उरली तिथे सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं: ‘हात धुतले काय?’ बीबी गावच्या गाडीत एका म्हातारीला शेजारच्या पोराने ते वाचून दाखवलं. म्हातारीने कंडक्टरला विचारलं, “कोनाले पुसून राह्यले, बाप्पा? मले?” आणि नाही म्हणून सांगितलं तरी उतरेपर्यंत दोन्ही हात पदराखाली लपवून बसली.

हे वेड त्याला कुठून लागलं ते त्यानेच मला सांगितलं होतं. घाटाखाली, पिंपळगाव राजाच्या पुढच्या एका खेड्यात त्याच्या बापाचा पानमळा होता. विड्याच्या पानांचा. “आमच्या मळ्यात बिना हातपाय धुतल्याचा कोनी जात नाही, बाबू. माह्या बापानं तहसीलदाराले बाहेर उभं केलं होतं. लोकाले वाटते सोवळं हाय. सोवळं कायचं? एका वेलीचं पान खुडलं अन् तोच हात दुसऱ्या वेलीले लागला, की रोग चालला. रोगाले पाय नसतात, बाबू. तो आपल्या हातानं चालते.”

“मग?” मी म्हणालो.

“मग काय? गाडी म्हनजे फिरता मळाच हाय. पन इथं दारात उभा राहाले माहा बाप नाही.”

मी हसलो. तेव्हा मी कशालाही हसत असे. वाचलेलं पुष्कळ होतं आणि काम कमी होतं.

एके दिवशी पहाटेच त्याने बीबीच्या गाडीच्या पुढल्या दाराच्या मुठीला तेलात कालवलेला गेरू फासला. अगदी पातळ, दिसेल न दिसेल असा. फक्त त्या एका मुठीला. संध्याकाळी गाडी परत आली तेव्हा त्याने मला कागद-पेन्सिल घेऊन बोलावलं. “मी सांगतो, तुमी लिवा.” आणि बॅटरी घेऊन तो सीटांखाली शिरला.

गेरू कुठे नव्हता? सीटांच्या पाठींवर होता, खिडक्यांच्या गजांवर होता, घंटीच्या दोरीवर होता, टपाच्या आतल्या बाजूला एक पंजा होता. खाली पडलेल्या तिकिटांच्या पाठीवर होता. ड्रायव्हरच्या डाव्या कानामागेही होता. मी लिहीत गेलो. हसत लिहिलं, पण शेवटी शेवटी हसू कमी झालं. एका मुठीपासून निघालेला तो रंग मागच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचला होता, आणि कोणीही तो मुद्दाम नेला नव्हता.

तिकिटांची पेटी काखेत मारून शेषराव कंडक्टर दाराशी उभा होता. हा पेंटरचा एकुलता एक मित्र. त्याच्या ओठांचे कोपरे लालसर दिसत होते. मी म्हणालो, “शेषराव, आज विडा बरा रंगला!”

“विडा? अहो बाबू, आज एकादशी हाय. मी पानाले शिवलोबी नाही.”

शेषरावच्या एकादश्या मला माहीत होत्या. मी डोळा मिचकावला, तोही हसला, आणि पेंटर सीटाखालून ओरडला, “बाबू, लिवा! मागल्या बाकाचा पाय!”

त्या उन्हाळ्यात डोळ्यांची साथ आली.

डोळे येणं हा काही मोठा रोग नव्हे. घरी बसून आठ दिवसांत बरा होतो. पण डेपोला घरी बसायची सोय नव्हती. लग्नसराई होती, गाड्या टपापर्यंत भरत होत्या आणि ड्रायव्हर लाल, चिकटलेले डोळे घेऊन हजेरीला येत होते. एकजण डोळ्याची पापणी बोटाने वर धरून घाट उतरला. दुसऱ्याने घाटाच्या कठड्याला गाडी घासली. गाडीत साठ माणसं होती आणि कठड्यापलीकडे काहीच नव्हतं. कोणाला लागलं नाही. साहेबांनी, म्हणजे डेपो मॅनेजरनी, त्याला समोर उभं करून विचारलं, तर तो म्हणाला, “साहेब, कठडे दोन दिसले. मी दुसऱ्याले चुकवलं.”

त्या दिवसापासून साहेब कोणाचं काहीही ऐकायला तयार झाले. आधी उपाय सांगायला आलेल्या पेंटरला त्यांनी दोनदा हाकललं होतं. आता स्वतः बोलावलं.

पेंटरचा उपाय मळ्यातलाच होता. वेलीवर रोग पडला की मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून फवारतात. मोरचूद म्हणजे तांब्याचे निळे खडे, जिथे बसतील तिथे रोगाला पाय रोवू देत नाहीत. तोच लेप गाडीच्या दांड्यांना, मुठींना द्यायचा. पहिल्यांदा त्याने मोरचूद व्हार्निशमध्ये घोटून लावलं. चकचकीत दिसलं, पण त्याचं त्यालाच पटेना. “हे तं पहारेकऱ्याले कोठडीत कोंडून कुलूप लावल्यासारखं झालं. चोर बाहेर, हा आत. तो करीन काय?” लेपातलं औषध थोडं थोडं बाहेर येत राहिलं तरच उपयोग, असं त्याचं म्हणणं. चुना जास्त घातला तर हात पांढरे होत आणि चुरचुरत, म्हणून तो कमी केला. शेवटी बाभळीच्या डिंकात मोरचूद खलून त्याचे पाच हात त्याने एका गाडीला दिले. दांड्या मोरपंखी हिरव्या झाल्या. घामेजल्या हाताला त्यातलं किंचित लागे. लागावं असाच बेत होता.

विभागीय साहेब उद्घाटनाला आले. गाडीला हार, दांडीला हार, नारळ, आणि विज्ञानयुगावर पाऊण तासाचं भाषण. त्यात पेंटरचा उल्लेख ‘आमचे एक कनिष्ठ कर्मचारी’ असा एकदा आला आणि ‘आमचा दृष्टिकोन’ हा शब्द मी मोजायचं सोडून देईपर्यंत आला. मग विभागीय साहेबांनी दांडी धरून फोटो काढून घेतला. तो फोटो अजून मला आठवतो, कारण हात आणि दांडी यांच्या मध्ये साहेबांचा हातरुमाल होता.

शेषरावने ती गाडी मागून घेतली. मित्राची गाडी. डोणगावच्या फेरीवर तो ऐटीत गेला. प्रवासी विचारत, “दांडीले शेवाळ आलं काय बे?” आणि शेषराव सांगे, “शेवाळ नाही, औषध हाय. धर घट्ट. डोळे आले असतील तं दोन्ही हातानं धर.”

तिसऱ्या दिवशी दुपारी ती गाडी डेपोत आलीच नाही. थेट सरकारी दवाखान्याच्या आवारात शिरली. सायकलवरून एकजण सांगत आला, शेषराव वाटेत ओकायला लागला, ओकून ओकून आडवा झाला, ड्रायव्हरने मधले सगळे थांबे टाळून गाडी दामटली. आम्ही पळालो. साहेब जीपमध्ये, मी आणि पेंटर पायी.

खाटेवर शेषराव राखेसारखा झाला होता. ओकारी, जुलाब, पोटात पिळा. डॉक्टर तरुण होते. साथीचे दिवस, त्यांनी पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, संशय घेतला. रोग्याला वेगळं ठेवलं आणि गाडीतल्या कोणालाही आवाराबाहेर जाऊ द्यायचं नाही असं सांगितलं. गाडीत अर्धं वऱ्हाड होतं. नवरदेव मुंडावळ्यांसकट कडुनिंबाखाली बसला होता आणि त्याचा मामा फाटक हलवत होता: “मुहूर्त टळून राह्यला! तुमचा कंडक्टर ओकला त्यात आमच्या पोराचा काय गुन्हा?” साहेब व्हरांड्यात उभे राहून त्याला समजावत होते, की रोगापासून इतकी सुरक्षित गाडी जिल्ह्यात दुसरी नाही.

शेषरावची बायको आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि मग भिंतीशी उभ्या असलेल्या पेंटरकडे. “भाऊजी, तुमची गाडी तं रोग मारते म्हने ना?”

पेंटरने मान खाली घातली. त्याला वाटलं आपला लेप निकामी ठरला, पटकीने त्याला जुमानलं नाही. मलाही तसंच वाटलं. सलाईन लावलं होतं, पण शेषराव खालावतच होता. डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते, काय खाल्लं? कुठलं पाणी प्यायला? शेषराव शुद्धीत नव्हता. ग्लानीत बडबडत होता, “सुटे काढा... सुटे काढून ठेवा... डोनगाव दोन...”

आणि त्याचा उजवा हात उठला. अंगठा जिभेला लागला. मग हवेतच बोटांनी तिकीट फाडलं. पुन्हा अंगठा जिभेला. पुन्हा तिकीट.

हे आम्ही रोज पाहत होतो. प्रत्येक कंडक्टर असाच तिकीट फाडतो. कोरड्या अंगठ्याला दोन तिकिटं एकदम येतात. एका हाताने दांडी धरायची, तिकिटाची वेळ आली की दांडी सोडायची, अंगठा ओला करायचा, तिकीट फाडायचं, पुन्हा दांडी धरायची. लग्नसराईत दिवसाला शेकडो वेळा.

पेंटरने तो अंगठा पाहिला. नखाच्या कडेला हिरवं साचलेलं होतं.

बाहेरून साहेबांचा आवाज येत होता: सुरक्षित, शास्त्रीय, जिल्ह्यात प्रथमच. त्याने न बोलता तिथून निघून जायचं ठरवलं असतं तर कोणाला कळलं नसतं. पटकीने एक कंडक्टर गेला, एवढीच नोंद झाली असती. डॉक्टर शेजारच्या खोलीत होते. पेंटरने मधलं दार ढकललं. कोपराने नाही, सबंध पंजाने.

“डॉक्टरसाहेब, पटकी नाही. मोरचूद हाय. मी लावलं दांडीले. यानं चाटलं.”

“किती गेलं पोटात?”

“जितकी तिकिटं फाडली तितकं.”

डॉक्टरांनी ताबडतोब पोट धुवायला घेतलं. मग दूध आणि अंड्याचा पांढरा बलक, पुन्हा पुन्हा. अंडी नवरदेवाच्या मामानेच धावत जाऊन आणली. पटकी नाही म्हटल्यावर तो आमचा मामा झाला होता. पण शेषरावची बायको आडवी आली. “यायच्या गळ्यात माळ हाय. अंडं कसं पाजता?”

पेंटर खाटेजवळ गेला. जन्मात कोणाला न शिवणारा हा माणूस; त्याने शेषरावचं डोकं उचलून माळ काढली आणि तिच्या ओंजळीत ठेवली. “हे धरा, वयनी. अंडं पेंटरनं पाजलं म्हना. पाप मले लागू द्या.” मग एकेक अंडं फोडून, घासाघासाने त्यानेच पाजलं, आणि शेषराव ओकला तेव्हा भांडंही त्यानेच धरलं. डाव्या हाताने त्याने शेषरावचा उजवा हात धरून ठेवला होता. तो हात तोंडाकडे जाऊ लागला की पेंटर दाबून खाली आणी. “अंगठा, शेषराव. अंगठा राहू दे.”

दिवस मावळताना डॉक्टर म्हणाले, आता धोका नाही. पेंटर उठला, आवारातल्या गाडीत शिरला आणि चिंचेचं पाणी व पॉलिश पेपर घेऊन दांड्या खरडू लागला. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा दांड्या उघड्या लोखंडासारख्या झाल्या होत्या आणि त्याच्या बोटांची सालं निघाली होती.

चौकशी लागली. ‘सदर पेंटरने वरिष्ठांची कोणतीही तोंडी अथवा लेखी परवानगी न घेता’ असं वाक्य मला टाइप करायला मिळालं. उद्घाटनाच्या दिवशी त्याच मशीनवर मी विभागीय साहेबांनी सांगितलेलं अभिनंदनाचं पत्र टाइप केलं होतं: ‘माझ्या मार्गदर्शनाखाली’. त्याची कार्बनप्रत माझ्या खणात होती. मी काही शूर माणूस नाही, पण त्या दिवशी ती प्रत घडी घालून रंगाच्या खोलीत घेऊन गेलो.

पेंटरने ती वाचली. परत दिली. “साहेबाची सही दांडीवर नव्हती, बाबू. माहा हात होता.”

“पण तुझी नोकरी जाईल.”

“जाईन.” तो ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवत होता. मग वर न पाहता म्हणाला, “मले एकच सांगा. गेरूच्या दिवशी मी सीटाखाली होतो. शेषराव तुमच्यासमोर होता. त्याच्या तोंडाले गेरू होता काय?”

त्या दिवशीचा कागद मला आठवत होता. मी ‘कंडक्टर: ओठ’ असं लिहिलं होतं आणि मग खोडलं होतं. विनोद म्हणून ठीक होतं, पण यादीत कशाला, असं वाटलं होतं.

“होता,” मी म्हणालो.

“मंग लिवलं काऊन नाही?”

“मला वाटलं पान आहे.”

त्याने ब्रश पुसून ठेवला. रागावला असता तर बरं झालं असतं. चौकशीत त्याने माझं नाव घेतलं नाही. ‘कंडक्टर अंगठा चाटतो हे माझ्या ध्यानात आलं नाही’ असं एकच वाक्य लिहून दिलं आणि निकालाची वाट न पाहता राजीनामा टाकला.

जाण्याआधी आठ दिवस त्याने रंगाच्या रिकाम्या डब्यांचे पत्रे कापून छोट्या डब्या केल्या. आत भिजवलेल्या चिंधीची घडी. प्रत्येक कंडक्टरच्या पेटीला एक. अंगठा चिंधीला लावायचा, जिभेला नाही. पुढे या डबीबद्दल आमच्या साहेबांचं वरून कौतुक झालं; त्याचं आभाराचं पत्रही मीच टाइप केलं. शेषराव कामावर परतला त्या सकाळी पेंटर फाटकाशी उभा होता. शेषराव पेटी उघडून सवयीने हात तोंडाकडे नेऊ लागला तोच हा ओरडला, “अंगठा!” सबंध डेपो हसला. शेषराव हसला नाही. त्याने डबी उघडली. नंतर कित्येक वर्षं आमच्याकडे कोणी चूक करू लागला की लोक ‘अंगठा!’ म्हणून ओरडत. कुठून आलं ते नव्यांना ठाऊक नसे.

मी त्याला पुन्हा एकदाच भेटलो, बऱ्याच वर्षांनी. घाटाखाली कामाला गेलो होतो, वाट वाकडी केली. त्याच्या बापाच्या पानमळ्याच्या तोंडाशी माठ होता. तो आतून म्हणाला, “हातपाय धुवा, बाबू.” नावही विचारलं नाही, ‘बसा’ही म्हटलं नाही. मी धुतले. चपला बाहेर ठेवल्या. आत वेलींची हिरवी, गार सावली होती. तो म्हातारा झाला होता. बोटं पानांच्या रसाने काळी पडली होती. शेषरावची खुशाली विचारली. मी म्हणालो, रिटायर झाला, नातवंडं खेळवतो. त्याने मान हलवली.

मग त्याने एक पान खुडलं, पुसलं, चुना लावला, कात टाकला आणि घडी करून थेट माझ्या तळहातावर ठेवलं. त्याची बोटं माझ्या हाताला लागली. “घ्या. आता ओठ लाल झाले तं पानच समजू.”

मी ते तोंडात टाकलं. विडा छान होता, असं मी सांगितलंही. मी निघेपर्यंत तो माझ्या ओठांकडे पाहत होता.